सूर्य आणि बाकीचे तारे: भिंतीवरच्या तक्त्याच्या प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर २०२५

कामाला आज सुरुवात. भिंतीवर लावायचा एक मोठा तक्ता करायचा आहे: सूर्य आणि त्याच्याशेजारी बाकीचे तारे, सगळे एकाच मापात. मांडणी आणि चित्रं मैत्रिणीकडे, आकडे जमवणं आणि तपासणं माझ्याकडे. तिने पहिलाच प्रश्न टाकला, "अगं, आधी एका ओळीत सांग, सूर्य मोठा की लहान? त्यावर कागद आडवा घ्यायचा की उभा ते ठरेल."

एका ओळीत सांगता येईना. 'सूर्य हा मध्यम आकाराचा एक सामान्य तारा आहे' हे वाक्य शाळेपासून सगळ्यांच्या तोंडी आहे. ते तक्त्याच्या माथ्यावर छापायचं की नाही, हे आकडे बघून ठरवू.

सूर्याची ओळ भरून टाकली. व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या १०९ पट. वस्तुमान पृथ्वीच्या ३ लाख ३३ हजार पट. पृष्ठभागाचं तापमान ५७७२ केल्विन. वर्णपटाचा वर्ग जी-२. सरासरी घनता पाण्याच्या १.४ पट. वय सुमारे ४५७ कोटी वर्षं. यापुढे बाकी कुणाचेही आकडे किलो-किलोमीटरमध्ये लिहायचे नाहीत. सूर्य म्हणजे १, आणि बाकीचे त्याच्या पटीत.

१५ नोव्हेंबर

कुठले तारे घ्यायचे यावर बराच वेळ गेला. तिचं म्हणणं, लोकांना नाव माहीत असलेले घे: व्याध, अगस्त्य, स्वाती, अभिजित, ब्रह्महृदय, राजन्य (रायजेल), काक्षी (बेटेलज्यूज), रोहिणी, ज्येष्ठा, चित्रा. माझं म्हणणं, आपल्या शेजारचे घे, मग ते दिसोत वा न दिसोत. शेवटी दोन्ही याद्या करायच्या ठरल्या. पहिलीत आकाशात सर्वांत तेजस्वी दिसणारे वीस. दुसरीत १२ प्रकाशवर्षांच्या आतले झाडून सगळे.

१६ नोव्हेंबर

दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या आणि 'सामान्य' या विशेषणाचा निकालच लागला.

तेजस्वी वीसांच्या यादीत सूर्याला बसवलं तर तो तळाला जातो. या वीसांपैकी एकही तारा सूर्यापेक्षा मंद नाही. तेजाने सूर्याच्या सर्वांत जवळ येतो तो मित्र (अल्फा सेंटॉरी, ही जोडी आहे), त्यातला मोठा तारा सूर्याच्या दीडपट तेजस्वी आहे. मग प्रश्वा सात पट, श्रवण दहा पट, व्याध पंचवीस पट, अभिजित चाळीस पट, स्वाती पावणेदोनशेच्या आसपास. राजन्यापाशी आकडा लाखाच्या घरात जातो. ही यादी बघून कुणीही म्हणेल की सूर्य अगदीच किरकोळ आहे.

आता दुसरी यादी. १२ प्रकाशवर्षांत तिसेक तारे आहेत (तपकिरी बटू, म्हणजे तारा होता होता राहिलेले गोळे, सोडून). त्यांत सूर्यापेक्षा जास्त प्रकाश देणारे तीनच: व्याध, प्रश्वा आणि मित्रमधला मोठा. चौथा नंबर सूर्याचा! त्याच्याखाली मित्रमधला धाकटा आणि टाऊ सेटी, दोघेही सूर्याच्या जवळपास निम्मे. मग एप्सिलॉन एरिडानी एक तृतीयांश, आणि त्यानंतर उतरण एवढी की यादीतला शेवटचा तारा कागदावर दाखवायचा कसा हाच प्रश्न. तिसांपैकी एकोणीस लाल बटू, म्हणजे छोटे, थंड, मंद तारे आहेत. सर्वांत जवळचा प्रॉक्सिमा त्यांच्यापैकीच. ४.२४ प्रकाशवर्षांवर असूनही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, १९१५ पर्यंत तो आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. त्याची एकूण ऊर्जा सूर्याच्या सहाशेव्या हिश्शाच्या आसपास, आणि त्यातलाही बराच भाग अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसणारा प्रकाश याहून कितीतरी कमी.

दोन्ही याद्यांत असलेली नावं फक्त तीन: व्याध, मित्र, प्रश्वा.

म्हणजे रात्री वर बघून आपण ताऱ्यांचं जे मत बनवतो ते निवडक ताऱ्यांवरून. राजन्य ८६० प्रकाशवर्षांवरूनही लखलखीत दिसतो, आणि ५.९६ प्रकाशवर्षांवरचा बर्नार्डचा तारा बघायला दुर्बीण लागते. प्रचंड तेजस्वी तारे मुळात दुर्मीळ, पण ते इतक्या लांबून दिसतात की आभाळ त्यांनीच भरल्यासारखं वाटतं. लाल बटू आकाशगंगेत चारांत तीन, आणि नुसत्या डोळ्यांना त्यांतला एकही दिसत नाही.

मैत्रिणीला हे दाखवल्यावर ती एवढंच म्हणाली, "मग दोन तक्ते करू." खरं तर तेच बरोबर आहे. एका कागदावर दोन रकाने, आणि दोन्हींत सूर्य वेगवेगळ्या जागी.

२२ नोव्हेंबर

अंतरांचा रकाना. तेज, व्यास, सगळं शेवटी अंतरावर अवलंबून. जवळचा मंद तारा आणि लांबचा तेजस्वी तारा सारखेच दिसतात, म्हणून अंतर कळेपर्यंत सूर्याची कुणाशी तुलना करणंच शक्य नव्हतं.

१८३८ मध्ये फ्रीड्रिख बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचं अंतर काढलं. पृथ्वी कक्षेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली की जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो. हा पॅरॅलॅक्स त्याने ०.३१४ आर्कसेकंद काढला, आजची किंमत ०.२८६ आहे. एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यांतल्या एकाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी! पाठोपाठ १८३९ मध्ये थॉमस हेंडरसनने मित्रचं अंतर प्रसिद्ध केलं. त्या दोन आकड्यांनी सूर्य हा ताऱ्यांपैकी एक आहे, ही कल्पना मोजमापावर उभी राहिली.

पुढे हिप्पार्कस उपग्रहाने १९९७ च्या सूचीत सुमारे १ लाख १८ हजार तारे दिले. २०१३ मध्ये सुटलेल्या गाया यानाच्या तिसऱ्या सूचीत पॅरॅलॅक्स मोजलेल्या ताऱ्यांची संख्या १४६ कोटींच्या घरात आहे. गायाचं निरीक्षण यंदा १५ जानेवारीला थांबलं, आकडे मात्र अजून यायचे आहेत.

गंमत म्हणजे इतक्या आकड्यांत काक्षीने अडवलं. तिचं अंतर वेगवेगळ्या ठिकाणी ५०० ते ७०० प्रकाशवर्षांच्या दरम्यान कुठेही सापडतं. कारण बघितलं तर पटण्यासारखं आहे. तिची आकाशात दिसणारी तबकडीच सुमारे ४५ मिलिआर्कसेकंदांची, आणि पॅरॅलॅक्स पाच-सहा मिलिआर्कसेकंदांचा. वर ती तबकडी डागाळलेली, उकळती, बदलती. जी गोष्ट स्वतःच्या सरकण्यापेक्षा आठपट रुंद आहे तिचा मध्य नेमका कुठे धरायचा? तक्त्यात अंतर 'सुमारे' म्हणूनच जाणार, आणि त्यावर बेतलेला व्यासही.

२९ नोव्हेंबर

माप ठरलं: सूर्याचा व्यास १ सेंटीमीटर. या मापात पृथ्वी ०.०९ मिलिमीटर, म्हणजे बारीक टोकाच्या पेनचा ठिपकासुद्धा तिच्यापेक्षा मोठा पडतो. प्रॉक्सिमा दीड मिलिमीटर. बर्नार्डचा तारा २ मिलिमीटर. व्याध १.७ सेंटीमीटर. स्वाती २५ सेंटीमीटर. रोहिणी ४४ सेंटीमीटर. राजन्य पाऊण मीटर. इथपर्यंत कागद पुरतो.

ज्येष्ठा सुमारे ६.८ मीटर आणि काक्षी साडेसात मीटरच्या वर. त्यांचं वर्तुळ काढणं सोडूनच द्यावं लागलं, आता फक्त कडेचा कंस दाखवायचा. तोही किती वाकतो ते मोजलं: १ मीटर रुंदीच्या कागदावर काक्षीची कड मधोमध जेमतेम ३.३ सेंटीमीटर फुगते. लांबून ती सरळ रेघच वाटेल. मैत्रीण आधी वैतागली, मग तिलाच ते आवडलं. सूर्याचा ठिपका त्या रेघेच्या अगदी शेजारी ठेवायचा, म्हणजे बघणाऱ्याला ती कड आहे हे शोधून काढावं लागेल.

अंतरांचा मात्र नाद सोडला. याच मापात प्रॉक्सिमा सुमारे २९० किलोमीटरवर जाते. तशी तळटीप कोपऱ्यात टाकली.

आकारावरून एक गैरसमज होऊ शकतो म्हणून घनतेचा छोटा रकाना वाढवला. काक्षीचा व्यास सूर्याच्या साडेसातशेहून जास्त पट, पण वस्तुमान पंधरा-वीस पटच. एवढ्याशा मालावर एवढा फुगवटा, त्यामुळे तिची सरासरी घनता आपल्या हवेपेक्षाही हजारो पटींनी कमी. उलट प्रॉक्सिमा सूर्याच्या आठव्या हिश्शाइतक्या वस्तुमानाची असून सूर्यापेक्षा तीसपट दाट आहे. आणि व्याधाचा जोडीदार, तो श्वेत बटू, वस्तुमानाने सूर्याएवढा आणि आकाराने पृथ्वीएवढा! त्याच्या एका घन सेंटीमीटरचं वस्तुमान दोन टनांच्या वर. आपल्या मापात तो ०.०८ मिलिमीटरचा, छापखान्यात तो ठिपका उमटेल की नाही शंकाच आहे.

३ डिसेंबर

सूर्याच्या रंगावरून वाद. मी पांढरा म्हटलं. ती म्हणाली, "पांढरा सूर्य काढला तर लोक विचारतील सूर्य कुठेय." पण वातावरणाबाहेरून सूर्य पांढराच दिसतो. त्याचा प्रकाश सर्वाधिक असतो ५०० नॅनोमीटरच्या आसपास, हिरव्या-निळ्याच्या सीमेवर, आणि सगळे रंग मिळून डोळ्याला पांढरा लागतो. हवा निळा भाग विखरून टाकते म्हणून खालून पिवळसर. काक्षीचा सर्वाधिक प्रकाश तर दृश्य पट्ट्याच्या बाहेर, अवरक्तात पडतो. अभिजितचा दुसऱ्या टोकाला, अतिनीलात. तडजोड झाली: सूर्य पांढरा, कडेला पिवळसर छटा. व्याधाला निळसर, ज्येष्ठाला नारिंगी-लाल.

७ डिसेंबर

श्रवणचं वर्तुळ काढून झालं होतं, ते खोडून लंबगोल केलं. तो स्वतःभोवती दहा तासांहूनही कमी वेळात एक फेरी मारतो, त्यामुळे विषुववृत्तावर फुगून आडवा २ आणि उभा १.६ सेंटीमीटर झालाय. सूर्याला एका फेरीला विषुववृत्तावर पंचवीस दिवस लागतात. त्याच्या आडव्या-उभ्या व्यासांतला फरक जेमतेम १० किलोमीटर, चौदा लाखांत. तक्त्यावर निर्धास्त कंपास वापरता येईल असा तो तारा आहे.

१३ डिसेंबर

वर्णपटांचा भाग. यावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो सार्थकी लागला असं वाटतंय.

फ्राउनहोफरने १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा नीट नोंदवल्या, आणि मग काही ताऱ्यांकडेही तीच साधनं वळवली. व्याधात रेषा वेगळ्या दिसल्या. पुढचं शतकभर हा प्रश्न टांगलेला: रेषा वेगळ्या म्हणजे द्रव्य वेगळं का? सूर्यात लोह-कॅल्शियमच्या रेषांची गर्दी, व्याधात हायड्रोजनच्या ठसठशीत, काक्षीत टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे. सरळ अर्थ घेतला तर तिन्ही तारे तीन वेगळ्या पदार्थांचे बनलेले.

हार्वर्डला ॲनी जंप कॅनन यांनी ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही क्रमवारी लावली आणि १९१८ ते १९२४ या काळात निघालेल्या सूचीसाठी सव्वादोन लाख ताऱ्यांचं वर्गीकरण केलं. सूर्य या ओळीत पाचवा, जी. पण ही ओळ नेमकी कशाची आहे, हे कळलं ते मेघनाद साहांच्या १९२० मधल्या समीकरणाने. तापमान वाढलं की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटू लागतात, आणि कुठल्या रेषा दिसणार हे त्या आयनीभवनावर ठरतं. हायड्रोजन भरपूर असूनही सूर्याच्या तापमानाला त्याच्या दृश्य रेषा उमटवण्याच्या अवस्थेत फारच थोडे अणू असतात. व्याधाच्या दहा हजार केल्विनच्या आसपास ते प्रमाण भरपूर वाढतं. म्हणजे रेषांमधला फरक मुख्यतः तापमानाचा, द्रव्याचा नव्हे.

साहांचंच समीकरण घेऊन सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात हिशेब मांडला आणि उत्तर आलं की सगळ्या ताऱ्यांत जवळपास एकच मिश्रण आहे, आणि त्यात हायड्रोजन व हेलियमच प्रचंड. त्या काळी सूर्याची घडण साधारण पृथ्वीसारखी मानली जायची. हेन्री नॉरिस रसेल यांच्या आग्रहावरून हायड्रोजनचं हे प्रमाण जवळजवळ नक्कीच खरं नाही, असं वाक्य त्यांना प्रबंधात घालावं लागलं. १९२९ मध्ये रसेल स्वतः वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला आले.

आजचे आकडे: सूर्याच्या पृष्ठभागावर वस्तुमानाने सुमारे ७३ टक्के हायड्रोजन, २५ टक्के हेलियम, उरलेल्या दीड-दोन टक्क्यांत बाकी सगळं. तक्त्यात या तीन ताऱ्यांचे वर्णपट एकाखाली एक लावायचे, आणि शेजारी घडणीचा रकाना. वर्णपट तिघांचे तीन तऱ्हांचे, घडण जवळपास एकच. मैत्रिणीच्या मते तक्त्यातला हाच भाग लोक सर्वांत जास्त वेळ बघतील. मला वाटतं ते काक्षीची रेघच बघतील.

१६ डिसेंबर

एच-आर आकृती काढली. आडव्या बाजूला तापमान (डावीकडे जास्त, ही जुनी खोड कुणीच सोडत नाही), उभ्या बाजूला तेज. हर्टझ्स्प्रुंगने १९११ मध्ये आणि रसेलने १९१३ मध्ये अशी मांडणी केली तेव्हाच तारे सगळीकडे विखुरलेले नसून एका तिरक्या पट्ट्यात बसतात हे दिसलं होतं. तोच मुख्य क्रम. आमचे तेजस्वी वीस आकृतीच्या वरच्या अर्ध्यात, शेजारचे तीस बहुतेक खालच्या उजव्या कोपऱ्यात. दोन्ही घोळक्यांच्या मधे सूर्य. 'मध्यम' हे विशेषण कुठून आलं असेल ते इथे कळतं: पट्ट्याच्या लांबीत तो खरोखरच मधे आहे. डोकी मोजली की चित्र पालटतं, कारण पट्ट्याच्या वरच्या टोकाला माणूस नाही आणि खालच्या टोकाला चेंगराचेंगरी.

२० डिसेंबर

आभाळ स्वच्छ. मृग वर आल्यावर रंग तपासून घेतले. द्विनेत्रीचा फोकस किंचित ढिला केला की ठिपक्याची छोटी चकती होते आणि रंग उठून दिसतो. काक्षी जुन्या तांब्यासारखी, राजन्य निळसर पांढरा. फोकसमध्ये असताना दोघांचा रंग प्रखरतेत धुऊन जातो. मैत्रिणीने रंगांच्या पट्ट्या सोबत आणल्या होत्या, त्यांवर तिथल्या तिथे खुणा केल्या. पुस्तकांतली काक्षी फारच लालभडक असते, आमची तेवढी नसेल.

२७ डिसेंबर

आज उलटा हिशेब: तिकडून आपला सूर्य कसा दिसेल?

३२.६ प्रकाशवर्षांवरून तारा ज्या प्रतीचा दिसतो ती त्याची निरपेक्ष प्रत. सूर्याची ४.८३. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि सहाव्या प्रतीपाशी नुसत्या डोळ्यांची हद्द संपते. मित्रवरून सूर्य साधारण ०.५ प्रतीचा, म्हणजे चांगलाच ठळक. तो दिसेल शर्मिष्ठेत, तिच्या पाच ताऱ्यांच्या वेड्यावाकड्या रेघेला जोडलेला सहावा. व्याधावरून दुसऱ्या प्रतीचा. अभिजितवरून ४.३. स्वातीवरून ५.१. रोहिणीपर्यंत, म्हणजे ६५ प्रकाशवर्षांवर गेलं की ६.३, आणि सूर्य डोळ्यांना दिसायचा बंद. राजन्यावरून तो १२ व्या प्रतीचा, बऱ्यापैकी दुर्बीण आणि नकाशा दोन्ही हाताशी असल्याशिवाय सापडणार नाही.

हा रकाना नंतर सुचला, पण आता तक्त्यात तो सर्वांत मोठ्या अक्षरांत जातोय.

४ जानेवारी २०२६

तुलना नेमकी करायची तर सूर्यासारखेच तारे घ्यायला हवेत. व्याधाशी सूर्याची तुलना करून सूर्याच्या स्वभावाबद्दल फारसं कळत नाही.

यात एक मजेशीर अडचण आहे. ताऱ्यांसाठी बनवलेली उपकरणं सूर्याकडे वळवताच येत नाहीत, कारण तो व्याधापेक्षा सुमारे १३०० कोटी पट तेजस्वी दिसतो. म्हणून खगोलशास्त्रज्ञ सीरीस किंवा व्हेस्टासारख्या लघुग्रहांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश त्याच दुर्बिणीत घेतात, किंवा मग सूर्याचे जुळे शोधतात. वृश्चिकातला १८ स्कॉर्पिआय हा त्यांतला नावाजलेला, ४६-४७ प्रकाशवर्षांवर, १९९७ मध्ये तसा ओळखला गेला. अंधाऱ्या जागी डोळ्यांनाही जेमतेम दिसतो. २००९ मध्ये अशा अकरा जुळ्यांशी सूर्याची रासायनिक तुलना झाली तेव्हा खडक घडवणारी मूलद्रव्यं सूर्यात त्यांच्या मानाने थोडी कमी निघाली, जास्तीत जास्त २० टक्क्यांच्या आसपास. ते द्रव्य ग्रहांत अडकलं असावं असा एक तर्क. तक्त्यात तर्क म्हणूनच लिहायचा.

दुसरी गोष्ट चंचलतेची. केप्लर दुर्बिणीच्या नोंदींतून ३६९ तारे निवडले गेले, ज्यांचं तापमान, वय आणि फिरण्याचा वेग सूर्याच्या जवळपास आहे. २०२० चा निष्कर्ष: त्यांच्या तेजातला चढउतार सरासरीने सूर्याच्या पाचपट. डागांमुळे सूर्याचं तेज ०.०७ टक्के हलतं, त्यांचं ०.३६ टक्के. सूर्य सध्या शांत काळातून जातोय की मुळातच तो या मंडळींपेक्षा गरीब स्वभावाचा आहे? झाडांच्या कड्यांत आणि बर्फात उरलेल्या समस्थानिकांवरून मागची ९००० वर्षं वाचता येतात, त्यांत तरी तो याहून फार खवळलेला दिसत नाही. पण ताऱ्याच्या आयुष्यात ९००० वर्षं म्हणजे काहीच नाही.

त्याला जोडून २०२४ च्या डिसेंबरातला निष्कर्ष. ५६,४५० सूर्यसदृश ताऱ्यांच्या नोंदी चाळल्यावर २,५२७ ताऱ्यांवर २,८८९ महाज्वाला सापडल्या. सरासरी काढली तर एका ताऱ्यावर शंभर वर्षांतून एकदा! १८५९ च्या कॅरिंग्टन चुंबकीय वादळामागची सौरज्वाला त्यांच्यापुढे लहान ठरते. सूर्यावर इतकी मोठी ज्वाला थेट निरीक्षणात कधी नोंदलेली नाही. मैत्रिणीला हा रकाना घाबरवणारा वाटला, मला दोन्ही निष्कर्ष शेजारीशेजारी हवेत. एकात सूर्य शांत ठरतो, दुसरा सांगतो की त्या शांततेवर फार विसंबू नका. दोन्ही ठेवले.

९ जानेवारी

आयुष्याचा रकाना. वस्तुमान दुप्पट झालं की प्रकाश दुप्पट होत नाही, साधारण दहा-अकरा पट होतो. इंधन दुप्पट, उधळपट्टी दहापट, म्हणून आयुष्य पाचव्या हिश्शावर. सूर्याचा हायड्रोजन गाभ्यात सुमारे १००० कोटी वर्षं पुरतो, निम्मा काळ उलटलाय. वीस सूर्यांच्या वस्तुमानाचा तारा एक कोटी वर्षांच्या आसपास संपतो. उलट लाल बटू लाखो कोटी वर्षं तग धरतील, आणि विश्वाचं वय अवघं १३८० कोटी असल्याने आजवर त्यांतला एकही म्हातारपणाने मेलेला नाही.

पुढचे टप्पे दाखवायला वेगळं चित्र काढायची गरज पडली नाही, तक्त्यावरचेच तारे कामाला आले. स्वातीचं वस्तुमान जवळपास सूर्याइतकंच, फक्त ती वयाने पुढे गेलेली, लाल राक्षसी झालेली. सुमारे ५०० कोटी वर्षांनी सूर्य त्या वळणावर जाईल. त्यानंतर व्याधाच्या जोडीदारासारखा श्वेत बटू, फक्त वस्तुमानाने आणखी हलका. सुपरनोव्हा होण्यासाठी किमान आठेक सूर्यांचं वस्तुमान लागतं, तेव्हा तो रस्ता त्याला बंद. स्वातीपासून सूर्याकडे येणारा एक तुटक बाण काढला, उलट्या दिशेचा. तो आधी गोंधळात टाकतो आणि मग कळतो.

११ जानेवारी

एकटेपणाबद्दल एक ओळ. 'बहुतेक तारे जोडीने असतात' हे सरसकट खरं नाही. सूर्यासारख्या ४५४ जवळच्या ताऱ्यांच्या २०१० मधल्या पाहणीत ५६ टक्के एकटे निघाले, ३३ टक्के जोडीत, ८ टक्के तिघांत, उरलेले त्याहून मोठ्या कुटुंबात. लाल बटूंमध्ये तर चारांत तीन एकटे. मोठ्या, तापट ताऱ्यांमध्ये मात्र सोबत असणं हाच नियम. सूर्याचं एकटं असणं यात विशेष काही नाही.

१७ जानेवारी

माथ्यावरचं वाक्य काढून टाकलं. त्याजागी आता दोन रकान्यांची नावं आहेत, 'दिसणारे' आणि 'शेजारचे'. पहिल्यात सूर्य सर्वांत खाली, दुसऱ्यात वरून चौथा.

शेवटचा रकाना वयाचा, आणि तो भरताना सूर्य पुन्हा एकदा वेगळा पडला. त्याचं वय उल्कापाषाणांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून इतकं नेमकं काढता आलंय की ४५७ कोटी लिहिताना पेन अडखळत नाही. बाकी कुणाच्या घरचा दगड आपल्या प्रयोगशाळेत आलेला नाही. त्यांची वयं प्रतिरूपांवरून, फिरण्याच्या वेगावरून किंवा थरथरीवरून काढावी लागतात, म्हणून त्यांच्यासमोर आकड्याऐवजी पट्टी काढली: कुठे रुंद, कुठे अरुंद. सूर्यासमोर एक बारीक उभी रेघ. मैत्रिणीने विचारलं, सगळ्यांना पट्टी आणि यालाच रेघ का, लोकांना छपाईचा दोष वाटेल. खाली लहान अक्षरांत उल्कापाषाणांची ओळ घातली आणि फाइल छापायला पाठवली.